मी तिला जेवायला बोलावलं

१

ताट वाढून घेतल्यावर समोर माणूस दिसलं, की घास उचलायच्या आधी "या जेवायला" म्हणायचं, ही सवय मला सासूनं लावली. शिरूरला आमच्या चर्चच्या आळीत मी दारात बसून जेवते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना म्हणते. भांडण झालेल्या शेजारणीला पण. खरं येऊन कुणी बसत नाही. "जेवा, जेवा" म्हणतात आणि पुढं जातात. म्हणणारीला ते ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

गेल्या मे महिन्यात दौंडला मी तसंच म्हटलं. तोंडाला वळण होतं म्हणून म्हटलं. तिथं ते खरं धरलं गेलं.

दौंडला मी गेले ती नातीसाठी. शॅरन तिचं नाव, माझ्या विल्यमची लेक. आई तिची लहानपणीच देवाघरी गेली, तेव्हापासून ती माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि ऐन परीक्षेत डेंग्यूनं पडली. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल राहून गेलं. अशा राहिलेल्या पोरांसाठी तिथल्या एका कॉलेजनं उन्हाळ्याचा कोर्स काढला होता. सहा महिन्यांचा अभ्यास एका मे महिन्यात कोंबायचा. सकाळी आत गेलं की संध्याकाळी बाहेर, आणि एक दिवस जरी चुकला तरी नाव कमी. पास झाली तर कुरकुंभला औषधाच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये, तिच्यासाठी जागा बोलून ठेवलेली होती. नापास झाली तर विल्यम तिच्यासाठी नगरचं एक स्थळ बघून बसला होता. पोर म्हणायची, "आजी, मला एकदा पास होऊ दे, मग कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

कॉलेजजवळ आम्ही पत्र्याची खोली घेतली. सकाळी दहालाच ती तव्यासारखी तापायची. म्हणून मी स्वयंपाक आटोपून डबा घ्यायची आणि लॅबच्या समोरच्या व्हरांड्यात जाऊन बसायची. शहाबादी फरशी, जाड भिंत, गार वाटायचं.

२

लॅबला एकच दार. लाकडी, वरच्या अर्ध्या भागाला दुधी काच, आणि बाहेरून लोखंडी कडी. प्रॅक्टिकल चालू झालं की शेलार सर बाहेरून कुलूप घालायचे आणि आपल्या खोलीत कूलरपुढं जाऊन बसायचे.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, आत पोरं असताना कुलूप?"

"आजी, ही नापास जनता आहे," सर हसत म्हणाले. "दार उघडं ठेवलं तर निम्मी स्टँडवर वडापाव खाताना सापडतील. कुलूप म्हणजे शिस्त."

जेवणाच्या सुट्टीत कुलूप निघायचं. पोरं भडाभडा बाहेर पडायची, आणि काचसामान चोरीला जाऊ नये म्हणून रिकाम्या लॅबला पुन्हा कुलूप लागायचं. शॅरन माझ्याजवळ चार घास खायची आणि पुस्तक घेऊन कडुलिंबाखाली मैत्रिणींकडं पळायची. मग मी एकटी जेवायची.

त्या दिवशी भाकरी, शेंगदाण्याची आमटी, मिरचीचा ठेचा होता. मी डोळे मिटून प्रार्थना केली. डोळे उघडले तर लॅबमधून आवाज येत होता. नळ सोडलेला, आणि काच धुतल्याचा. फिरवून फिरवून धुवायचं, झटकायचं, पालथं घालायचं. किण्ण. परत नळ. सवयीच्या हाताचा आवाज होता तो. मला वाटलं, एखादी पोर मागं राहिली असेल कामाला. भरल्या दुपारची उपाशी.

मी म्हटलं, "ये गं बाई जेवायला."

नळ बंद झाला.

मग पावलं. ओल्या फरशीवर अनवाणी पाय टेकतात तशी, सावकाश. ती दारापाशी येऊन थांबली. काचेमागं काहीतरी काळसर उभं राहिल्यासारखं झालं, पण बाहेर लख्ख ऊन होतं आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी "जेवा, जेवा" ऐकायची वाट बघितली. आतून काही आलं नाही.

मी घास घेतला. आमटीला चव नव्हती. नुसतं कोमट पाणी. ठेचा बोटावर घेऊन चाटला, माझ्या हातचा ठेचा, ज्यानं विल्यमच्या डोळ्यांतून पाणी येतं. जिभेला काही लागलं नाही. माती चाटावी तसं.

३

"आत कोण ठेवलंय रे धुवायला?" मी रोहिदासला विचारलं. हा लॅबचा शिपाई, पन्नाशीचा, माझ्याशी बोलायला त्याला आवडायचं.

"कुठं आत?"

"लॅबमधी. नळ चालू व्हता."

तो हसला. "मावशी, नळाला आठ दिस झालं पानी न्हाई. टाकीची मोटार जळालीय. ही पोरं बादल्या भरून नेत्यात, दिसत न्हाई का तुमास्नी?"

दिसत होतं की. सकाळीच दोन पोरं बादली ओढत नेताना मी बघितली होती.

मी मनाशी म्हटलं, पाइपातली हवा असेल. हवा सुटली की नळ खुळखुळतो. काच तापली की आपोआप वाजते. आणि ऊन लागलं की तोंडाची चव जाते, हे तर कुणीही सांगेल. आमच्यात भूतखेत मानत नाहीत. मेलेलं माणूस शेवटच्या दिवसापर्यंत झोपलेलं असतं, असं आमचे पास्टर सांगतात, आणि मी जन्मभर ते ऐकत आले.

तरी मी रोहिदासला म्हटलं, "मी जेवायला बोलावलं आतल्या आवाजाला."

त्याचं हसू गेलं. तंबाखू चोळणारा हात थांबला. "कशापायी बोलावलं, मावशी?" असं म्हणाला आणि उठून गेला.

४

शॅरनचं मात्र छान चाललं होतं. रोज रात्री पडल्या पडल्या सांगायची. तिला खिडकीजवळचं कोपऱ्यातलं टेबल मिळालं होतं. बाकीचे तिथं बसायला तयार नव्हते, हिला बरंच झालं. तिथली फरशी नवी, भिंतीचा रंग नवा.

"आणि आजी, मजा सांगू? माझं काचसामान कुणीतरी धुऊन ठेवतं. सुट्टीनंतर गेलं की सगळं लखलखीत पालथं."

"कोण ठेवतं?"

"काय माहीत. रोहिदासमामा असतील."

रोहिदास सुट्टीत माझ्यासमोर असायचा.

पुढं एक दिवस ती म्हणाली, "आज आम्ही दोघींनी सॉल्ट बरोबर ओळखलं."

"दोघी कोण?"

ती अडखळली. "दोघी म्हणजे… मी. मी एकटीच असते गं त्या टेबलाला."

त्यानंतर ते "आम्ही" तिच्या तोंडातून गेलंच नाही. आम्ही ब्युरेट लावली, आम्हाला सर ओरडले. मी विचारलं की चिडायची. मग वास सुरू झाला. तिच्या केसांना जळका वास यायचा, विस्तवावर पीस पडावं तसा. मी शिकेकाई लावून केस धुतले, उन्हात वाळवले. वेणी घालताना बघते तर उजव्या बाजूची टोकं तांबडी होऊन आखडलेली. बोटात धरली की भुगा व्हायचा.

"दिव्याजवळ डोकं नेतेस काय गं?"

"न्हाई आजी," ती म्हणाली. घरात ती कधी "न्हाई" म्हणत नव्हती, शाळेपासूनच नीट "नाही" म्हणायची.

५

दुसऱ्या दिवशी मी रोहिदासला धरलं. म्हटलं, "माझ्या पोरीचं केस जळत्यात. आता तू बोलणार, न्हाईतर मी प्रिन्सिपलपुढं जाऊन बोलणार."

तो व्हरांड्याच्या कठड्याला टेकला. लॅबकडं पाठ करून बोलला.

मागल्या उन्हाळ्यात याच कोर्सला एक पोर होती. नकुशी. कुरकुंभच्या अलीकडच्या वस्तीवरची, चौथी मुलगी म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव. एसटी चुकली की उशिरा यायची. उशीर झाला की शेलार सर तिला सुट्टीत कोंडून ठेवायचे आणि सगळ्या वर्गाचं काचसामान धुवायला लावायचे. एका दुपारी कोपऱ्यातल्या टेबलावरची स्पिरिटची बाटली पेटली. दाराला बाहेरून कुलूप, चावी सरांच्या खिशात, आणि सर कूलरपुढं डबा खात बसलेले.

"वरडली असंल की," मी म्हटलं.

"लई वरडली."

"मग?"

"सर म्हणलं, कूलरच्या आवाजात काय ऐकू आलं न्हाई. म्हणलं, पोरीनंच सांगितल्याबिगर दिवा पेटवला. पोलिसाला सगळ्यांनी तेच सांगितलं. पोरांनी, मास्तरांनी." त्यानं तंबाखू थुंकली. "म्या बी."

"आन् तुला ऐकू आलं व्हतं?"

"मावशी, म्या गेटावर हुतो. गेटावर ऐकू आलं."

सरांच्या खोलीपासून लॅबचं दार म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात साखर मागायला जावं एवढंच अंतर.

"तिला सोबत पाहिजे असंल," रोहिदास म्हणाला. "त्या टेबलावं म्हणून कुणी बसत न्हाई. तुमची पोर परक्या गावची, तिला काय ठावं. आन् तुमी आपलं तिला जेवायला बोलावलं. वरीसभर तिला कुणी हाक मारली नव्हती."

६

त्याच संध्याकाळी शॅरन रडत आली. तिच्या हातून फ्लास्क फुटला होता. आणि शेलार सरांनी सगळ्यांपुढं सांगितलं होतं, उद्या सुट्टीत आत राहायचं, सगळ्या वर्गाचं सामान धुवायचं.

"तू जायचं न्हाई उद्या," मी म्हटलं.

"आजी, परीक्षा परवावर आलीय. उद्या गैरहजर राहिले की संपलं सगळं."

"संपू दे."

"आणि मग नगरला जाऊ नांदायला?" पोर ओरडली. "एक तासाचं धुणं आहे. तू पण ना, त्या रोहिदासमामाचं ऐकून काहीही करतेस."

मी तिला नकुशीची गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली. शॅरननं ऐकून घेतली, तोंड पुसलं, आणि म्हणाली, "मला माहीत आहे, आजी."

"कुणी सांगितलं?"

ती कुशीवर वळली. खोलीत तो वास भरून राहिला होता. मी सकाळपर्यंत तिच्या अंगावर हात ठेवून बसले, आणि सकाळी ती माझा हात बाजूला करून कॉलेजला गेली.

७

सुट्टी झाली. पोरं बाहेर आली. शॅरन आली नाही. सरांनी कडी लावली, कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि खोलीत गेले.

मी दाराला कान लावला. आत दोन ठिकाणी काच धुतली जात होती. एकीकडं बादलीतलं पाणी, तांब्यानं घेतलेलं, ते माझ्या पोरीचं. दुसरीकडं नळ.

"शॅरन!"

ओ नाही. दोन्ही हात एका ठेक्यात चालले होते. फिरवायचं, झटकायचं, पालथं घालायचं. किण्ण. आणि दाराच्या फटीतून स्पिरिटचा वास यायला लागला, गारसर, नाकात चढणारा.

मी सरांच्या खोलीत गेले. पदर पसरला. "सर, चावी द्या. तिच्या जिवाला धोका हाय. मी आत बसून सगळं धुते, तिला सोडा."

सरांनी चपातीचा तुकडा मोडला. "आजी, तुम्ही चर्चमध्ये बाकं पुसत असाल. ही लॅब आहे. तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"मागल्या वर्षी जळाली ती पोर…"

"तिच्या चुकीनं जळाली," सर म्हणाले. शांतपणे म्हणाले, वर न बघता. आणि भाजीला हात घातला. "जा तुम्ही. मला जेवू द्या."

मी परत आले. दारापुढं बसले, डबा उघडला, भाकरी मोडून उंबऱ्यावर ठेवली. देवाची क्षमा मागितली, कारण मी जे बोलणार होते ते आमच्या धर्मात बसत नाही.

"नकुशे," मी म्हटलं, "बाळ, हे घे. तुला सोबत पाहिजे, मला कळतं. पण ही माझी एकच हाय. हिनं तुझं काय वाकडं केलं न्हाई. हिला बाहेर धाड, मग तुला काय पाहिजे ते माग."

आतले दोन्ही आवाज थांबले. ओली पावलं दारापर्यंत आली. काचेला आतून काहीतरी टेकलं. आणि एक आवाज आला, पोरीचाच, साधा, घशाला कोरड पडल्यावर येतो तसा. परक्या घरी पाहुणी गेलेली पोर जेवढ्या अदबीनं विचारील, तेवढ्या अदबीनं त्यानं विचारलं,

"आजी, सर जेवले का?"

८

मी उठले. मला कशाचीच भीती राहिली नव्हती, याचं मला आजही नवल वाटतं. डोकं विहिरीच्या तळासारखं गार होतं.

सर हात धूत होते. मी दारातून म्हटलं, "सर, लॅबमधी पोरगा हाय. शॅरनसंगं. हसण्याचा आवाज येतोय."

पोरीच्या जिवासाठी जो माणूस डब्यावरून हलला नव्हता, तो पोराचं नाव काढल्याबरोबर उठला. हात पुसले नाहीत. "बघितलंत? म्हणून मी कुलूप घालतो," असं म्हणत पुढं निघाला. माझ्याच नातीच्या नावाला मी डाग लावला होता. लावला तर लावला.

त्यांनी कुलूप काढलं, चावीसकट कडीत अडकवून ठेवलं आणि दार ढकललं. त्यांच्या खांद्यावरून मला आतलं दिसलं. सिंकपाशी दोघी पाठमोऱ्या उभ्या होत्या. सारख्या उंचीच्या. एक शॅरन. दुसरीच्या अंगावर पांढरा अ‍ॅप्रन होता, एका बाजूनं. डाव्या खांद्यावर वेणी होती. उजव्या बाजूला वेणी सुरू होते तिथून पुढं काही नव्हतं. तिचा कोपर हलत होता, काच फिरवत होता. ती वळली नाही. वळू नये म्हणून मी मनातल्या मनात देवाला हाका मारत होते.

सरांना ती दिसली नाही. ते टेबलांखाली वाकून बघत होते. "कुठाय तो? बाहेर ये म्हणतो ना!" असं करत पार कोपऱ्यापर्यंत गेले.

शॅरन वळली आणि चालत बाहेर आली. झोपेतून उठवलेल्या पोरासारखी. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. मी तिला व्हरांड्यात ओढलं. मग मी दार लोटलं. कडी घातली. कुलूप अडकवून दाबलं. त्याचा खटका मला अजून बोटात जाणवतो.

"ए म्हातारे! दार कुणी लावलं?"

आत नळ सुटला.

"पाणी… पाणी कुणी सोडलं?" हे आवाज खाली आणून विचारलेलं होतं. मग थोडा वेळ नुसतं पाणी. मग सरांनी बोलायला सुरुवात केली, पण आमच्याशी नाही. "मला ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो, ऐकू आलं नव्हतं." त्यांना कुणी काही विचारलेलं मला तरी ऐकू आलं नाही.

शॅरन शुद्धीवर आली होती. तिनं कुलपाकडं हात नेला. मी तिचं मनगट धरलं.

"आजी, आत सर आहेत."

"व्हय."

"आजी, माझी परीक्षा."

"दुसरं कुणी घील."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिनं मला असं कधी बघितलं नव्हतं. मग तिचा हात माझ्या हातात सैल पडला.

दाराला आतून धक्के बसायला लागले. "आजी, उघडा! आजी, मी चुकलो, उघडा!" गेटावरून रोहिदास पळत आला. त्यानं दाराकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, कुलपाकडं बघितलं.

"चावी कुलपातच हाय, रोहिदास," मी म्हटलं. "ज्याला उघडायचं त्यानं उघडावं."

काचेवर आतून तांबूस उजेड पडला होता. उन्हाचाही असेल. दुपार कलायला लागली की त्या बाजूनं ऊन येतं. रोहिदासनं खिशातून तंबाखू काढली, दाराकडं पाठ केली आणि कठड्यावर बसला.

मी शॅरनला घेऊन पायऱ्या उतरले. पोरं कडुलिंबाखाली पुस्तकं मिटून उभी राहिली होती, दाराकडं बघत. त्यांतलं एकही हललं नाही. आम्ही शेवटच्या पायरीवर होतो तेव्हा त्या माणसानं मला "आई" अशी हाक मारली.

ऊन फार होतं. मी पोरीच्या डोक्यावर माझा पदर धरला आणि चालू लागले.